डॉसमधला सोसायटीचा हिशेब नव्या प्रिंटरवर कसा छापायचा

निपाणी भागातल्या एका गावच्या सोसायटीचे सचिव विचारतात: आमची रोजकीर्द, खतावणी आणि कर्जाची थकबाकी यादी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेत लिहिलेल्या डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, प्रोग्राममध्ये आहे. लिहून देणारे गृहस्थ आता नाहीत, सोर्स कोड कुणाजवळ नाही. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बंद पडला म्हणून यूएसबीचा लेझर प्रिंटर आणला, तर त्यावर एक अक्षर उमटत नाही. शेजारच्या गावचा दुसरा लेझर आणून लावला, तर तो छापतो, पण प्रत्येक ठळक मथळ्याला नवं पान काढतो. त्यातच आता विंडोज ११ चा संगणक यायचा आहे. सभासदांची नावं मराठीत आहेत, ती तर कुठंच नीट दिसत नाहीत. काय करावं?

सचिवसाहेब, आधी एक विनंती. तिसरा प्रिंटर विकत घेऊ नका. बेळगाव, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात मी ही कामं १९९० च्या दशकापासून करतोय, आणि दर वेळी खर्च चुकीच्या ठिकाणी झालेला बघतो. दोष प्रिंटरचा नाही, प्रोग्रामचाही नाही. दोघांची भाषा वेगळी आहे आणि मध्ये दुभाषा नाही.

डॉसच्या काळात प्रोग्राम आणि प्रिंटर यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा नसायचा. प्रोग्रामच प्रिंटरच्या भाषेत बोलायचा. आपल्याकडच्या बहुतेक प्रोग्रामांनी एप्सनची भाषा उचलली, कारण टीव्हीएस असो की विप्रो, सगळे डॉट मॅट्रिक्स ती समजायचे. तिचं नाव ईएससी/पी. तुमचा प्रोग्राम ‘थकबाकी यादी’ छापतो तेव्हा नुसती अक्षरं आणि आकडे जात नाहीत, त्यांच्यामध्ये न दिसणारे आदेश आकड्यांच्या रूपात जातात. २७ आणि ६४ पाठोपाठ गेले की प्रिंटर मूळ स्थितीत येतो. १५ गेला की अक्षर बारीक होतं, १८ गेला की परत नेहमीचं. १४ गेला की ती एक ओळ दुप्पट रुंद. २७ आणि ६९ म्हणजे ठळक सुरू, २७ आणि ७० म्हणजे ठळक बंद. १२ म्हणजे पान बाहेर टाक.

आता तुमच्या दोन्ही लेझरचं बघू. पहिला, जो गप्प बसतो, तो स्वस्तातला आहे. अशा प्रिंटरला स्वतःला अक्षर काढताच येत नाही. विंडोजचा ड्रायव्हर संगणकात पानाचं चित्र तयार करतो आणि त्या कंपनीच्या खास पद्धतीनं पाठवतो. डॉसचा प्रोग्राम सरळ अक्षरं पाठवतो तेव्हा त्याला ती कळत नाहीत. काही मॉडेल दिवा लुकलुकवतात, काही कचरा छापतात, काही सगळं गिळून टाकतात.

दुसऱ्या लेझरवर लोक रागावतात, पण तो खरं तर कामाचा आहे. त्याला पीसीएल नावाची एचपीची भाषा येते, आणि साधी अक्षरं आली तर तो छापतो. गोंधळ २७ आणि ६९ या जोडीत आहे. एप्सनच्या भाषेत तिचा अर्थ ‘ठळक कर’. पीसीएलमध्ये त्याच जोडीचा अर्थ ‘सगळं मूळ स्थितीत आण’, आणि तसं करताना प्रिंटर हातातलं अर्धं पान छापून बाहेर टाकतो. म्हणून सोसायटीचं नाव एका पानावर, ‘थकबाकी यादी’ दुसऱ्यावर, तालुका तिसऱ्यावर. प्रिंटर बिघडलेला नाही, त्याला जे सांगितलं तेच तो करतोय.

तर पहिलं काम हे, की प्रोग्राम नेमकं काय पाठवतो ते पकडायचं. छपाई कागदाऐवजी फाइलमध्ये घ्यायची. जुना संगणक अजून चालू असेल तर विंडोजमध्ये ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ प्रिंटर जोडा, त्याला लोकल पोर्ट म्हणून सी ड्राइव्हवरच्या एका फाइलचं नाव द्या, तो शेअर करा, आणि ‘नेट यूज’ आदेशानं एलपीटी१, म्हणजे डॉस ज्या वाटेनं प्रिंटरशी बोलतो तो पॅरलल पोर्ट, त्याला जोडा. मग प्रोग्राममधून एक खतावणीचं पान, एक थकबाकी यादी आणि एक पावती छापा. तिन्हींच्या फाइली वेगळ्या नावानं ठेवा आणि फाइलीतले आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, दाखवणाऱ्या कुठल्याही साध्या प्रोग्राममध्ये उघडा. हेक्समध्ये २७ हा १बी दिसतो आणि १२ हा ०सी, तेवढं लक्षात ठेवा.

फाइलीत तीन गोष्टी बघा: सगळ्यात लांब ओळ किती अक्षरांची आहे, दोन पानांच्या मध्ये १२ आहे का, आणि नसेल तर एका पानाला किती ओळी मोजून सोडल्या आहेत. आपल्या भागात बारा इंची भोकांचा कागद चालायचा. इंचाला ६ ओळी, म्हणजे पानाला ७२. बरेच जुने प्रोग्राम पान बदलायचा आदेश पाठवतच नाहीत, ७२ ओळी पूर्ण होईपर्यंत रिकाम्या ओळी सोडत जातात.

त्रास इथंच सुरू होतो. ए-फोर कागदाची उंची ११.६९ इंच. वर-खाली पाव पाव इंच सोडलं, कारण लेझर कडेपर्यंत छापत नाही, तर उरतात सुमारे ११.१९ इंच. त्यात ६ च्या हिशेबानं ६७ ओळी बसतात. पाच ओळी पुढच्या पानावर जातात, आणि दुसऱ्या पानापासून सगळंच घसरत जातं. एका सोसायटीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. कर्जाच्या उताऱ्यावर ‘एकूण येणे’ आणि सहीची जागा नेहमी पुढच्या पानावर जायची. सभासद म्हणायचे, आकडा एकीकडं आणि सही दुसरीकडं, आम्ही सही कशी करायची? त्यांचं बरोबर होतं. शेतकऱ्याच्या हातात तो एकच कागद पुरावा असतो. रक्कम त्याच्या नावासमोरच आली पाहिजे, वरच्या नावासमोर नाही. म्हणून या मोजमापात मी कधी घाई करत नाही.

रुंदीचं गणितही असंच. नेहमीचं अक्षर इंचाला १०, म्हणजे ८० अक्षरांना ८ इंच. ए-फोर ८.२७ इंच रुंद आहे, पण दोन्ही बाजूंचे समास धरले तर ७.७७ इंचच उरतात. शेवटची दोन-तीन अक्षरं कापली जातात, आणि खतावणीत शेवटी पैसेच असतात. १३२ अक्षरांची बारीक यादी मात्र इंचाला सुमारे १७ अक्षरांनी ७.७ इंचात कशीबशी बसते.

यावर मला सगळ्यात सोपा वाटलेला मार्ग असा: पान मूळ मापाचं, म्हणजे १२ इंच उंचीचं समजूनच तयार करायचं, आणि ए-फोरवर छापताना ९३ टक्के लहान करायचं. ११.१९ भागिले १२ केलं की ०.९३ येतं. ८ इंचांची ओळ ७.४४ इंचांची होते, तीही बसते. ओळी ७२ च राहतात, पानं जुन्यासारखीच तुटतात, प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. लेझरवर ९३ टक्क्यांचं अक्षर रिबनच्या फिक्या अक्षरापेक्षा स्वच्छच वाचता येतं. १३२ अक्षरांची यादी मात्र अशी आणखी बारीक होते. ती कचेरीत वापरायला ठीक आहे, वयस्कर सभासदाच्या हातात द्यायला नाही. त्यांना ८० अक्षरांचाच उतारा द्या.

आता विंडोज ११. ते फक्त ६४ बिटमध्ये मिळतं, आणि ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम सरळ चालतच नाहीत. ३२ बिट विंडोज १० वर ते चालायचे, पण त्या विंडोजचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे नव्या संगणकावर डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम लागणारच. आणि हे चांगलंच आहे, कारण दुभाषाही तिथंच भेटतो.

माझ्या वापरातले दोन आहेत, व्हीडॉस आणि डॉसबॉक्स-एक्स. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनलेला आहे, त्यात छपाईची सोय नाही, त्यामुळं त्याच्या मागं लागू नका. व्हीडॉस कचेरीच्या कामासाठीच बनवलेला आहे. एलपीटीवर आलेले आदेश समजून घेऊन तो विंडोजच्या कुठल्याही प्रिंटरवर पान काढतो, आणि एका फॉक्सप्रो प्रोग्रामसाठी मांडणीही साधी आहे. पानाच्या मापावर पूर्ण ताबा हवा असेल तर मी डॉसबॉक्स-एक्स घेतो. त्याच्या आत एप्सनसारखा एक आभासी प्रिंटर आहे. त्याच्या मांडणीत पहिला पॅरलल पोर्ट ‘प्रिंटर’ करायचा, रुंदी ८५ आणि उंची १२० द्यायची. हे आकडे इंचाच्या दहाव्या भागात असतात, मुळात उंची ११० असते, ती बदलायला विसरू नका. पान चित्र म्हणून बाहेर येतं, ते ९३ टक्क्यांनी छापा. ‘टाइमआउट’ची, म्हणजे किती वेळ वाट बघून पान बाहेर टाकायचं त्याची, जागा शून्य ठेवू नका, काही हजार मिलिसेकंद द्या. नाहीतर पान बदलायचा आदेश न पाठवणाऱ्या प्रोग्रामचं शेवटचं अर्धं पान आतच राहतं, आणि उद्याच्या पहिल्या पावतीबरोबर बाहेर येतं.

हे झालं की तुमचा स्वस्तातला पहिला लेझरसुद्धा चालेल. त्याला अक्षरं जाणारच नाहीत, विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत चित्र जाईल, आणि तेवढंच तर त्याला येतं.

दोन-तीन काउंटरवर एकाच वेळी प्रोग्राम चालत असेल तर मात्र थांबा. फॉक्सप्रोचा डेटा ज्या डीबीएफ फाइलीत असतो, त्यात एकानं नोंद धरली असताना दुसऱ्यानं लिहू नये, याची राखण डॉस करायचं. नकली डॉसमध्ये ती राखण नेटवर्कवर नीट चालते का, हे तुमच्याच प्रोग्रामवर, डेटाची प्रत काढून तपासा. दोन संगणकांवर एकच खातं उघडा आणि दोघांनी जतन करून बघा. हे न तपासता चालू केलेल्या ठिकाणी खतावणीच्या इंडेक्स फाइली बिघडलेल्या मी दुरुस्त केल्या आहेत. ते काम छपाईपेक्षा फार वाईट.

काही लहान अडचणी तुम्हालाही येतील, त्या आत्ताच सांगतो. प्रोग्राम ‘प्रिंटर तयार नाही’ म्हणून अडला, तर तो जुन्या पॅरलल पोर्टची स्थिती सरळ हार्डवेअरला विचारतोय. ‘नेट यूज’नं हे सुटत नाही, डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधला आभासी पोर्ट ‘तयार’ असं उत्तर देतो, तिथं सुटतं. पावती प्रोग्राम बंद केल्यावरच बाहेर येत असेल, तर प्रोग्रामनं प्रिंटर सोडलेलाच नाही. सोर्स असता तर छपाईनंतर ‘सेट प्रिंटर टू’ ही एक ओळ पुरली असती. तुमच्याकडं सोर्स नाही, तर टाइमआउटवर भागवा. चौकटीच्या रेघांच्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेल्या इंग्रजी ए ची माळ दिसली, तर ती कोडपेज ४३७ ची रेघ आहे (कोडपेज म्हणजे कोणता आकडा कोणतं अक्षर, याचा तक्ता). त्यात १९६ म्हणजे आडवी रेघ, विंडोजच्या कोडपेजमध्ये तोच आकडा त्या ए चा आहे. कोडपेज ४३७ निवडा आणि कूरियर न्यू किंवा कन्सोलास हा फॉन्ट घ्या, सगळी अक्षरं एका रुंदीची आणि रेघा अखंड मिळतील. आणि फाइल हातानं प्रिंटरकडं पाठवायची असेल तर कॉपी आदेशाबरोबर ‘/बी’ हवंच. नाहीतर मध्ये २६ आला की डॉसला वाटतं फाइल संपली, आणि यादी अर्ध्यावर थांबते.

आपल्या भागाची एक खास अडचण म्हणजे जुन्या प्रोग्रामच्या मथळ्यात इंग्रजीत ‘बेलगाम’ पक्कं लिहिलेलं असतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झालं आणि तपासणीला आलेले अधिकारी कागदावर तेच मागतात. इंग्रजीत जुनं नाव ७ अक्षरांचं, नवं ८ अक्षरांचं. प्रोग्रामच्या फाइलीत हात घालून अक्षर वाढवलं तर पुढचं सगळं सरकतं, प्रोग्राम चालायचाच थांबतो. ही बदलाबदली छपाईच्या वाटेवर करायची. पकडलेल्या फाइलीवर एक छोटा गाळणी-प्रोग्राम बसवायचा, जो जुनं नाव दिसलं की नवं घालतो आणि त्याच्यापुढची एक मोकळी जागा खातो, म्हणजे उजवीकडचे रकाने हलत नाहीत. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत हे दहा-पंधरा ओळींचं काम आहे. बेळगावात संगणकशास्त्र शिकणारा कुठलाही मुलगा ते करून देईल. मोकळी जागा खायचं मात्र त्याला आवर्जून सांगा, मुलं ते विसरतात.

आता मराठी नावं. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात जवळचा भाग हाच. तुमच्या जुन्या संगणकात बहुधा सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड होतं. त्या कार्डामुळं डॉसमध्ये देवनागरी दिसायची, आणि नावं इस्की या सांकेतिक लिपीत साठवली जायची. तिचं प्रमाण १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून ठरलं. नव्या संगणकात ते कार्ड बसवायला खाचच नाही. म्हणून आज नावांच्या जागी रेघा आणि ग्रीक अक्षरं दिसतात. नावं बिघडलेली नाहीत. १६१ च्या पुढचे ते आकडे अजून तसेच शाबूत आहेत, फक्त त्यांना अक्षराचं रूप देणारं कुणी उरलेलं नाही.

इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमानं असतात, आणि युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतपद्धतीमधली भारतीय लिप्यांची रचना इस्कीवरूनच घेतलेली आहे. त्यामुळं इस्कीतून युनिकोडमध्ये जाणं सरळ आहे: एक तक्ता, आणि दुहेरी हलन्त, नुक्ता अशा चार-दोन अपवादांची काळजी. तुमच्या फाइलीत नावं खरंच इस्कीत आहेत, की एखाद्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत, हे आधी ठरवा. पकडलेल्या फाइलीत ‘कि’ शोधा. वेलांटीचा आकडा ‘क’च्या नंतर असेल तर इस्की. आधी असेल तर बहुतेक फॉन्टची लिपी, आणि मग त्या फॉन्टचा स्वतंत्र तक्ता लागेल.

रकाने वाकडे होतात ते इथं. प्रोग्राम मोजतो ते संकेत, कागदावर दिसतं ते अक्षर. ‘ज्ञानेश्वर’ लिहायला १० संकेत लागतात, डोळ्याला दिसतात ४ अक्षरं. युनिकोडमध्ये आणून सरळ छापलं तर त्याच्या पुढची रक्कम डावीकडं येते, ‘रमा’च्या पुढची तेवढी येत नाही, आणि सगळी यादी दात पडल्यासारखी दिसते. उपाय एकच: ओळ आधी रकान्यांत तोडायची, प्रत्येक रकाना कितव्या स्थानावर सुरू होतो ते धरायचं, आणि नंतर प्रत्येक तुकडा पानावर त्याच्या जागी ठेवायचा. रक्कम नेहमी उजव्या कडेला टेकवायची. आधी तोडा, मग लिपी बदला. उलटं केलं तर जमत नाही.

इस्कीचा एक गुण आपल्या सीमाभागात फार उपयोगाचा आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. इस्कीत ब्राह्मीपासून आलेल्या भारतीय लिप्यांना संकेत एकच असतात. देवनागरीतला ‘क’ आणि कन्नडमधला ‘क’ यांचा आकडा एकच. कोणत्या लिपीत दाखवायचं ते एका वेगळ्या आदेशानं सांगितलं जातं: २३९ नंतर ६६ आला की देवनागरी, ७२ आला की कन्नड. म्हणजे ज्या डेटातून सभासदाला मराठीत उतारा मिळतो, त्याच डेटातून सरकारी खात्याला पाठवायची यादी कन्नड लिपीत निघते, नावं दुसऱ्यांदा टंकावी न लागता. युनिकोडमध्येही दोन्ही लिप्यांची रांग सारखीच लावलेली असल्यामुळं तेच साधतं. एक जपा: कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए वेगळे असतात, मराठीत नाहीत. मराठीवरून गेलेला प्रत्येक ए कन्नडमध्ये दीर्घ होतो. गावांच्या नावांत हे खटकतं, म्हणून गावांची छोटी यादी कन्नड जाणणाऱ्या कारकुनाकडून हातानं तपासून घ्या. माणसांची नावं बहुतेक बरोबर येतात.

शेवटी प्रिंटर कोणता? पावती तीन प्रतींत, कार्बन लावून निघत असेल, वजनकाट्याची किंवा ऊस-पावतीसारखी, तर लेझर तिथं चालणार नाही. कार्बनवर उमटायला पिन आपटावी लागते. अशा कामाला नवा डॉट मॅट्रिक्स घ्या. एप्सनच्या एलएक्स-३१० ला यूएसबी आहे आणि जुना पॅरलल पोर्टही आहे, भाषा तीच. पावतीसाठी थर्मल प्रिंटर सुचवणारे पुष्कळ भेटतील. तीन इंची थर्मलवर साधारण ४८ अक्षरंच बसतात, तुमच्या ८० अक्षरांची पावती तिथं मोडते. शिवाय थर्मलच्या भाषेत ठळकच्या जोडीनंतर आणखी एक आकडा लागतो. तुमचा प्रोग्राम तो पाठवत नाही, म्हणून मथळ्याचं पहिलं अक्षरच आकडा म्हणून गिळलं जातं. आणि थर्मल कागद काही वर्षांत फिका पडतो. कर्जाची पावती तशी फिकी पडून चालत नाही.

खतावणी आणि यादीसाठी शेजारच्या गावचा तो पीसीएलवाला लेझर मिळत असेल तर घ्या, नाहीतर आहे तोच चालवा. मार्चअखेरीच्या गर्दीत हे काम धरू नका, आत्ताच करा. दप्तरातून जुन्या प्रिंटरवर छापलेली दोन-तीन पानं काढा, तेच उतारे नव्या पद्धतीनं १०० टक्के मापात छापा, दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून रकाने आणि ओळी जुळतात का बघा. ते जुळले की मग ९३ टक्के करा, आणि पहिले आठ दिवस प्रत्येक उताऱ्याची शेवटची ओळ पडद्यावरच्या रकमेशी ताडून मगच सभासदाच्या हातात द्या.